वजनाचा रकाना

केमोच्या फाईलमध्ये पहिल्याच पानावर तीन आकडे असतात: उंची, वजन आणि त्यांवरून काढलेला बीएसए, म्हणजे शरीराचं पृष्ठफळ. दर खेपेला बाई काट्यावर उभी राहते, सिस्टर आकडा लिहून घेते, त्यावरून डोस ठरतो आणि पान उलटतं. पहिल्या खेपेला ६२ किलो, तिसऱ्या खेपेला ६३.५, दर आठवड्याला द्यायच्या पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या मध्यावर ६५, शेवटी ६७. हे आकडे एकाखाली एक पडलेले असतात, पण त्यांवरून वरून खाली नजर कोणी फिरवत नाही. डोस निघाला की आकड्याचं काम संपलं.

आमचं म्हणणं असं, की त्याचं काम तिथून सुरू व्हायला हवं. स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडणारी बाई पुढची वीस-तीस वर्षं कशी जगेल, तीन मजले चढेल का, रात्री सलग झोपेल का, मनासारखा ब्लाउज शिवून लग्नाला जाईल का, हे बऱ्याच अंशी उपचारांच्या सहा महिन्यांत तिच्या अंगावर काय चढलं आणि अंगातून काय गेलं, यावर ठरतं. आज त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. सगळं संपल्यावर कोणीतरी तिला सांगतं, "जरा वजन कमी करा आता." म्हणजे उपचारांच्या काळात जे झालं ते तिच्याच माथी.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी गाठतो, पन्नाशीच्या आतबाहेर. म्हणजे अनेकींची पाळी अजून चालू असते, मुलं कॉलेजात असतात, नोकरी किंवा शेत सांभाळायचं असतं. अशा बाईच्या बाबतीत 'आधी जीव वाचू द्या, वजनाचं नंतर बघू' हे म्हणणं समजण्यासारखं असलं तरी चुकीचं आहे, कारण 'नंतर' येईपर्यंत जे गमावलं जातं ते परत मिळवणं दुप्पट अवघड असतं.

कॅन्सर म्हटलं की डोळ्यांसमोर खंगलेलं शरीर येतं. अन्ननलिका, स्वादुपिंड, फुफ्फुस यांच्या कॅन्सरमध्ये ते पुष्कळदा खरंही असतं. लवकर सापडलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र उलटं घडतं. केमो घेणाऱ्या अनेकींचं वजन दोन ते पाच किलोंनी वाढतं. कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. उलटी आणि ॲलर्जी रोखण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध असेल तर आदल्या दिवसापासून तीन दिवस, दिवसाला १६ मिलिग्रॅम. त्याने भूक खवळते, झोप उडते, साखर वाढते. मळमळ पोट रिकामं राहिलं की जास्त होते, म्हणून दर दोन तासांनी बिस्किट, खारी, टोस्ट तोंडात जातं. थकव्याने चालणं थांबतं. चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणींची पाळी केमोने काही महिन्यांत बंद पडते. एरवी हा बदल शरीर काही वर्षांत हळूहळू पचवतं, इथे तो एकदम अंगावर येतो आणि चरबी नितंबांऐवजी पोटावर साठायला लागते. केमोनंतर काही वर्षं घ्यायच्या टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीने वजन वाढतं अशी बायकांची ठाम समजूत असते, पण निरोगी बायकांना टॅमॉक्सिफेन किंवा बिनऔषधी गोळी देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत दोन्ही गटांच्या वजनात फरक आढळला नव्हता. गोळीला दोष देऊन ती मधेच सोडणाऱ्या बाईचं नुकसान वाढलेल्या चार किलोंपेक्षा फार मोठं आहे.

पण काट्यावर न दिसणारी गोष्ट अधिक गंभीर आहे. काटा दोन किलो वाढले म्हणतो तेव्हा आत स्नायू दीड किलोने कमी आणि चरबी साडेतीन किलोने जास्त, असंही असू शकतं. वजन जराही न बदललेल्या बाईचेही स्नायू गेलेले असू शकतात. "काय सगळं कठीण झालंय" असं ती म्हणते तेव्हा कुकर उचलताना मनगट थरथरणं, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना भिंतीचा आधार लागणं, बसची पायरी चढताना दांडा घट्ट धरावा लागणं, असं बरंच काही तिला सांगायचं असतं. रक्ताचे रिपोर्ट चांगले असतात. म्हणून "सगळं नॉर्मल आहे" असं उत्तर मिळतं.

शिवाय एक बाजू काढलेली असते. वजन वाढलं की उरलेला स्तन जड होतो, खांदा एका बाजूला झुकतो, मान आखडते. ६२ किलोंवर घेतलेला कृत्रिम स्तन ६८ किलोंवर दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. बाई मग ओढणी किंवा पदर त्या बाजूला ओढून घेत राहते आणि हळूहळू समारंभांना जाणं टाळते. जीवनमान हा मोठा शब्द आहे. तो अशा ब्लाउजच्या मापात मोडतो.

आता घरातलं बघू. आपल्याकडे आजारी बाईला खाऊ घालण्याचा एकच नमुना ठाऊक आहे, तो बाळंतिणीचा. डिंकाचे लाडू, साजूक तुपातला शिरा, खारका, बदाम, रोज शहाळं, सकाळ-संध्याकाळ डब्यातली साखर घातलेली प्रोटीन पावडर. भेटायला येणारे येताना मिठाई आणि ज्यूसचे खोके आणतात. हे सगळं मायेने होतं, आणि ती माया औषधाइतकीच लागते. पण मध्यम आकाराच्या एका डिंकाच्या लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. रोज असे २०० जास्तीचे पाच महिने जमा झाले तर कागदावर ३०,००० होतात, म्हणजे जवळपास चार किलो चरबी. शरीर थोडं जुळवून घेतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी चढतं, पण चढतं. आणि इतकं खाऊनही प्रथिनं मात्र कमीच पडतात.

कारण आपलं रोजचं ताट. पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते जेमतेम १० ग्रॅम, तिच्यातून २ ग्रॅम प्रथिनं मिळतात. नाश्त्याला पोहे किंवा उपमा. उपासाला साबुदाणा, आणि साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नसतात. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटातलं. केमो चालू असताना श्रावणातले सोमवार आणि चतुर्थ्या सोडा, असं आम्ही स्पष्ट म्हणू. देव समजून घेईल. नाहीच सोडवलं तर त्या दिवशी दूध, दही, पनीर, दाणे यांवर भर द्यावा आणि साबुदाण्याला हात लावू नये.

उपचारांच्या काळात दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ६२ किलोंच्या बाईला निदान ६२. शाकाहारी पुणेरी घरात ती कशी जमतात याचा हिशेब करून बघा. सकाळी एक कप दूध (६ ग्रॅम) आणि ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी (१२). जेवणात दोन पोळ्या (७), ४० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ (९), वाटीभर दही (३ ते ४). चारच्या चहाबरोबर खारीऐवजी मूठभर फुटाणे (६). रात्री एक ज्वारीची भाकरी (५) आणि ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं (८ ते ९). झोपताना आणखी एक कप दूध (६). गोळाबेरीज ६२ ते ६४. यात महागडं काही नाही. फक्त आमटीऐवजी घट्ट उसळ हवी आणि नाश्त्याला पोह्यांऐवजी धिरडं. अंडं चालत असेल तर दोन अंड्यांतून १२ ग्रॅम सहज मिळतात. मासळी किंवा चिकन खाणाऱ्यांना तर हिशेब करायचीही गरज पडत नाही. तोंड आलं असेल, गिळताना जळजळत असेल तर हेच सगळं मऊ आणि गार करायचं: मूगडाळीची खिचडी दह्यात कालवून, नाचणीची पेज पाण्याऐवजी दुधात, धिरड्याऐवजी मऊ इडली. पांढऱ्या पेशी कमी असताना न शिजवलेलं मोड आलेलं कडधान्य, बाहेरची चटणी, उघडी कापलेली फळं नकोत. पण त्या नावाखाली घरची ताजी, धुतलेली फळं आणि भाज्या बंद करणंही चूक आहे.

सोयाबीनची भीती तर काढूनच टाकायला हवी. सोयामध्ये इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात म्हणून ते विष, असं सांगितलं जातं. शांघायमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पाच हजारांहून अधिक बायकांचा पाठपुरावा केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. ५० ग्रॅम सोयाचंक्समध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. गोळ्या आणि अर्क घेऊ नयेत. भाजीत घातलेल्या सोयाला हरकत नाही.

याच्या उलट टोकाला गव्हांकुराचा रस, कच्च्या भाज्यांचे ज्यूस आणि 'साखर कॅन्सरला पोसते' म्हणून भात-पोळी बंद करणारे आहेत. अशा आहारावर वजन उतरतं, पण उतरतो तो बराचसा स्नायू, आणि पुढच्या केमोच्या वेळी रक्तातल्या पेशी सावरलेल्या नसल्या की खेप पुढे ढकलावी लागते. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून त्यांबद्दलही विचारणा होते. त्यांनी उतरलेल्या वजनातही स्नायूंचा वाटा असतो. केमो चालू असताना कॅन्सरतज्ज्ञाला न विचारता ती घेणं धोक्याचं आहे.

इथे एका मुद्द्यावर स्पष्ट बोललं पाहिजे. 'वजन कमी करा, नाहीतर कॅन्सर परत येईल' हे वाक्य ओपीडीत सर्रास ऐकू येतं. २०१४ साली ८२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात २ लाख १३ हजारांवर बायकांची माहिती होती. निदानाआधी लठ्ठ असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सामान्य वजनाच्या बायकांपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त दिसला. हा संबंध खरा आहे. पण निदानाआधीचं वजन जास्त असणं आणि नंतर वजन उतरवल्याने धोका उतरणं, ही दोन वेगळी विधानं आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'आस्को'ने, २०२२ साली उपचारांदरम्यानच्या व्यायाम-आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायामाची ठाम शिफारस आहे. उपचार चालू असताना मुद्दाम वजन कमी करावं का, यावर मात्र पुरेसा पुरावा नाही असं त्याच सूचना म्हणतात. मग कशाच्या जोरावर आपण त्या बाईला भीती घालतो? पुढे आजार उलटलाच तर 'मीच जास्त खाल्लं' हा काटा ती आयुष्यभर मनात बाळगते. तिचं ओझं असं वाढवायचा हक्क कोणाला नाही.

ताकद टिकवायची ती जगणं सुसह्य होतं म्हणून. याला मात्र भक्कम पुरावा आहे. थकव्यावरच्या सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक व्यायाम आहे. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्यांनी सकाळी बोटं आखडणं, गुडघे धरणं हा त्रास इतका होतो की अनेकजणी गोळी सोडतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा १२१ बायकांपैकी निम्म्यांना आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा वजनांचा व्यायाम दिला. वर्षभरात त्यांची सांधेदुखी जवळपास ३० टक्क्यांनी उतरली. बाकीच्यांची ३ टक्क्यांनी वाढली. पाच ते दहा वर्षं घ्यायची गोळी टिकवून धरण्याचा हा उपाय आहे, म्हणजे तो उपचाराचाच भाग झाला.

आणि हात. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईला "त्या हाताने काही उचलू नका" हे सांगितलं जातं, आणि ती तो सल्ला जन्मभर पाळते. भाजीची पिशवी, पाण्याची बादली, नातवंड, सगळं दुसऱ्या हाताने. दोन वर्षांत त्या बाजूचा खांदा आखडतो, दंड सुकतो. हा सल्ला २००९ पासून कालबाह्य आहे. त्या वर्षी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी हाताला दाब देणारी घट्ट बाही घालून आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, अगदी थोड्या वजनापासून सुरुवात करून, हळूहळू वाढवत. त्यांचा हात जास्त सुजला नाही. उलट सूज एकदम उसळण्याचं प्रमाण त्यांच्यात १४ टक्के होतं, न उचलणाऱ्यांमध्ये २९.

लठ्ठपणाने हात सुजण्याचा धोका वाढतो हे खरं, म्हणून सुरुवातीपासून वजन आटोक्यात ठेवणं शहाणपणाचं. पण एकदा सुजलेला हात वजन उतरवल्याने ओसरेल असं वचन देऊ नये. ३५१ बायकांवर वर्षभर केलेल्या दुसऱ्या एका चाचणीत वजन उतरवूनही सूज कमी झाली नव्हती.

घरी करायचं ते साधं आहे. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी काढणारी नळी, असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच. ड्रेन निघाल्यावर भिंतीवर बोटं चढवत रोज थोडं वर. जखम नीट भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी आणि सर्जनला विचारून, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरायची. तिचं वजन अर्धा किलो. कोपर वाकवणं, हात बाजूला उचलणं, प्रत्येकी दहा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनच दिवस, मधे निदान एक दिवस सोडून. दोन-तीन खेपा हात जड वाटला नाही, अंगठी-बांगडी घट्ट झाली नाही, तरच वजन थोडंसं वाढवायचं. पायांसाठी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, आणि भिंतीवर हात टेकून दंड काढणं. शस्त्रक्रियेच्या आधीच दोन्ही हातांचा घेर मनगटाशी, कोपराखाली १० सेंटिमीटर आणि कोपराच्या वर १० सेंटिमीटर असा मोजून लिहून ठेवावा. तो लिहिलेला नसेल तर पुढे 'सूज आहे की मुळातच उजवा हात जाड' यावरच वाद होतो. फरक दोन सेंटिमीटरच्या वर गेला की दाखवायचं. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी.

व्यायाम कधी करू नये हेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. ताप १००.४ च्या वर असेल तर व्यायाम बंद आणि थेट हॉस्पिटलला फोन. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल, प्लेटलेट फार कमी असतील, छातीत धडधडत असेल तर फक्त घरातल्या घरात हालचाल. हाडांत आजार पसरला असेल तर फिजिओथेरपिस्टने बघितल्याशिवाय वजन उचलायचं नाही. पॅक्लिटॅक्सेलने तळपाय बधिर झाले असतील तर टेकडी नको. सपाट रस्ता, मागून बंद असलेले बूट आणि सोबत कोणीतरी.

टेकडीचा विषय निघालाच आहे. पुण्यात पहाटे तळजाई, वेताळ टेकडी, पर्वती इथे चालणाऱ्यांची कमतरता नाही. पण केमोच्या काळात बाईला डोक्यावर केस नसताना त्या गर्दीत जायचं नसतं, आणि सिंहगड रस्त्यावर किंवा हडपसरला घराबाहेरच्या फूटपाथवर सलग शंभर पावलं टाकता येत नाहीत. तिला सोसायटीच्या गच्चीवर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला म्हणावं. गच्चीला कुलूप असतं हेही माहीत आहे. ते कुलूप उघडून द्यायची जबाबदारी सोसायटीने घ्यावी, एवढी अपेक्षा शेजाऱ्यांकडून अवाजवी नाही.

आता त्या रकान्याकडे. वजन घ्यायचं तर नीट घ्या. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर, आठवड्यातून एकदा. हॉस्पिटलमधलं वजन कधी स्वेटरसकट, कधी पर्स खांद्याला अडकवून, कधी डोसेटॅक्सेलने पायावर सूज असताना घेतलं जातं. ते डोससाठी चालेलही, पण दिशा समजण्यासाठी घरचंच वजन उपयोगी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, काढायचा तर भारतीय मोजमापाने. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. १५५ सेंटिमीटर उंचीची ६२ किलोंची बाई २५.८ वर असते, म्हणजे पाश्चात्त्य तक्त्यात 'थोडं जास्त', आपल्या तक्त्यात लठ्ठ. त्याबरोबर पोटाचा घेर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर; बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर. आणि स्नायूंसाठी दोन चाचण्या, ज्या आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये आपल्या बांध्यासाठी ठरवून दिल्या आहेत. हाताच्या पकडीची ताकद बायकांमध्ये १८ किलोंच्या खाली नको, आणि खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागायला हवा. दुसरीला खुर्ची आणि घड्याळ पुरतं. डे-केअरच्या प्रतीक्षागृहात दोन्ही असतात.

जगण्याची प्रत विचारायलाही तयार साधन आहे. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या युरोपीय संस्थेची ३० प्रश्नांची आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी वेगळी २३ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी ती आपल्या बायकांवर पडताळून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती भरायला लागतो तेवढ्या वेळात दोन रुग्णांचा चहा होतो. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशी तीनदा ती भरून घेतली तर 'थकवा आहे का' याला 'थोडासा'पासून 'खूप'पर्यंत जाणारं उत्तर वजनाच्या शेजारी दिसेल. बाई तोंडाने "बरी आहे" म्हणते, कारण शेजारी नवरा उभा असतो आणि बाहेर तीस जण थांबलेले असतात. कागदावर ती खरं लिहिते.

डोसबद्दलही एक गोष्ट. जाड बाईला 'एवढं औषध झेपेल का' म्हणून बीएसएचा आकडा खाली ओढण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. १५५ सेंटिमीटर, ७२ किलो म्हणजे बीएसए १.७६, डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅमच्या दराने १०५ मिलिग्रॅमच्या पुढे जातं. ते ९० वर आणलं तर बाईला अपुरा उपचार मिळतो. आस्कोने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितलं आहे: प्रत्यक्ष वजनावर पूर्ण डोस द्या. घरच्यांनी बीएसए किती धरला हे विचारायला हरकत नाही, आणि वजन दहा टक्क्यांनी वरखाली झालं असेल तर नव्याने काढला का, हेही.

हा लेख वाढत्या वजनाबद्दल असला तरी दुसऱ्या बाजूच्या बायका विसरता येत नाहीत. उशिरा निदान झालेली, मुळातच ४२ किलोंची, मजुरी करणारी बाई. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपसूक घटलं तर ती धोक्याची खूण आहे. बीएमआय २० च्या खाली असेल तर दोन टक्केसुद्धा. ४२ किलोंच्या बाईच्या बाबतीत हे एक किलोही होत नाही. तिच्या फाईलमधला आकडा तर आणखीनच काळजीपूर्वक वाचायला हवा, आणि तिला लाडू जरूर द्यावेत, पण धिरड्याबरोबर.

मग हे करायचं कोणी? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाचं संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तिथे मंजुरी शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांच्या पॅकेजांना मिळते. त्या पॅकेजमध्येच आहारतज्ज्ञाच्या चार आणि फिजिओथेरपिस्टच्या सहा भेटी बांधून द्याव्यात, म्हणजे हॉस्पिटलला त्या कराव्याच लागतील. खासगी विमा कंपन्यांनाही हेच लागू करावं. सूज चढलेल्या हाताच्या, मोडलेल्या हाडाच्या, मधेच सोडलेल्या गोळीच्या उपचारांपुढे हा खर्च किरकोळ आहे. डॉक्टरांना वेळ नाही ही तक्रार खरी आहे, पण यातलं बहुतेक काम डॉक्टरांचं नाहीच. टेप, खुर्ची, घड्याळ आणि प्रश्नावली हे प्रशिक्षित सिस्टर किंवा समुपदेशक दहा-पंधरा मिनिटांत करू शकते.

अडचण लांबच्या बायकांची. जुन्नर, मंचर, इंदापूरहून येणारी बाई पहाटेची एसटी पकडते, उपाशी उतरते, स्टँडवर वडापाव-चहा घेते, दिवसभर खुर्चीवर बसून बिस्किटं खाते आणि रात्री घरी पोचते. तिला दर आठवड्याला सल्ल्यासाठी पुण्याला बोलावणं हा जुलूम आहे. तिला केमोच्या दिवशी डबा आणायला सांगा: दोन धिरडी, उकडलेली अंडी किंवा फुटाणे, ताकाची बाटली. बाकीचं फोनवर होतं. अमेरिका आणि कॅनडात ३,१३६ बायकांवर चालवलेल्या चाचणीत आहार-व्यायामाचं सगळं मार्गदर्शन फोनवरून दिलं गेलं. पहिल्या वर्षात त्या गटाचं वजन ४.७ टक्क्यांनी उतरलं, तर दुसऱ्या गटाचं एक टक्क्याने वाढलं. तिथे केमो संपलेल्या, वजन जास्त असलेल्या बायका होत्या आणि उतरवणं हे उद्दिष्ट होतं. केमोच्या काळात आपलं उद्दिष्ट त्याहून साधं: काटा होता तिथेच राहावा आणि पाय बळकट राहावेत.

केमो दर तीन आठवड्यांनी असेल तर तो फोन केमोनंतर दहाव्या दिवशी करावा. पहिल्या दोन-चार दिवसांत स्टेरॉइडचा जोर आणि मळमळ असते, त्यानंतरचे दिवस गळाठ्याचे. दहाव्या दिवशी बाई थोडी सावरलेली असते आणि पुढच्या खेपेआधी दहा-अकरा दिवस हातात असतात. विचारायचं असं: सोमवारी सकाळी वजन किती होतं? काल दिवसभरात डाळ, दूध, अंडं काय काय खाल्लं, किती वाट्या? पाच वेळा खुर्चीवरून उठायला किती वेळ लागला? बांगडी कुठल्या हाताला घट्ट होते का? रात्री झोप लागली का? उत्तरं फाईलमध्ये, वजनाच्या रकान्याच्या शेजारी, त्याच ओळीत लिहायची.